गुरुपुष्याचा मालक

सत्तावीस नक्षत्रांत पुष्याइतकं कामाला जुंपलेलं नक्षत्र दुसरं नसेल. गुरुवारी चंद्र पुष्यात आला की गुरुपुष्यामृत; मग सराफाच्या पेढीवर उभं राहायला जागा नसते. गुंजभर का होईना, सोनं घ्यायचंच. शेतकऱ्याला विचारावं, तर पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा. एवढं नाव असूनही पुष्य डोळ्यांनी पाहिलेला माणूस मात्र शोधावा लागतो.

यात आपला फारसा दोष नाही. गुरुपुष्याला खुद्द चंद्रच शेजारी येऊन बसतो आणि बहुधा त्याच्या उजेडात हे मंद नक्षत्र हरवतं. म्हाताऱ्या पावसाच्या दिवसांत, म्हणजे जुलैच्या उत्तरार्धात, तिथे सूर्य असतो. ज्या दिवशी नाव निघतं, नेमका त्याच दिवशी मालक घरी नसतो.

मालक भेटतो मार्चच्या रात्री. पुनर्वसू आणि मघा यांच्यामध्ये, काळोख असेल तर, एक पुसट ढगुला दिसतो. गॅलिलिओने दुर्बीण लावली आणि त्या ढगुल्यात चाळीसहून अधिक तारे निघाले. 1610 साली त्याने ते छापूनही टाकलं. पुढे मेसिएने, धूमकेतू शोधताना फसगत होऊ नये म्हणून केलेल्या यादीत, त्याला 44 वा क्रमांक दिला. आपल्याकडच्या मुहूर्तांच्या यादीत पहिल्या रांगेत बसणाऱ्याची ही तिकडची पत!

आज तिथे सुमारे हजार तारे मोजलेले आहेत. एकाच वायुमेघातून साठ-सत्तर कोटी वर्षांपूर्वी जन्मलेली ही भावंडं अजून एकत्र नांदताहेत. आपल्याकडे दोन भावांचा सातबारा तेवढी दशकं टिकत नाही. अंतर सुमारे सहाशे प्रकाशवर्षं. म्हणजे आज दिसणारा उजेड बहमनी सुलतानांच्या काळात निघालेला.

महाराष्ट्रावर तर याची खास मर्जी आहे. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर हा गुच्छ जवळजवळ थेट डोक्यावरून जातो. मोठी दुर्बीण नको. चंद्राच्या तिप्पट रुंदीचा हा पसारा तिच्यात मावतच नाही. साधी द्विनेत्री पुरे.

तेव्हा गुरुपुष्याला सोनं जरूर घ्या. पण मार्चच्या अमावास्येला, रात्री नऊनंतर, शहरापासून दूर एखाद्या गच्चीवर सतरंजी टाकून उताणे पडा. या मुहूर्ताला घडणावळ लागत नाही.