आपल्याकडं कशाला लागतंय?

मे महिन्यात नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं, तर ड्रायव्हरचा एक डोळा रस्त्यावर आणि दुसरा टेंपरेचरच्या काट्यावर. काटा वर सरकला की पहिला मिस्त्री जो सल्ला देतो, तोच तिसराही देतो : "व्हॉल्व्ह काढून टाका सायेब. आपल्याकडं कशाला लागतंय ते?"

ते म्हणजे थर्मोस्टॅट. रेडिएटरच्या वरच्या पाइपाचा माग काढत जा. पाइप इंजिनाला जिथं मिळतो तिथं दोन बोल्टांचं झाकण असतं आणि बहुतेक गाड्यांत हा त्याच्याखाली बसलेला सापडतो. (काही कंपन्यांनी तो खालच्या पाइपाशी, हात सोलून निघेल अशा बेचक्यात घातलाय. त्यांना मिस्त्री काय म्हणतात ते इथं लिहिता येत नाही.) पितळेची डबी, आत मेण, वर स्प्रिंग. इंजिन गार आहे तोवर रेडिएटरची वाट अडवायची. पाणी साधारण ८२ अंशांला पोचलं की मेण फुगतं आणि वाट मोकळी होते.

एरवी 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणत बांध घालणारी आमची माणसं, पण गाडीत पाणी अडवणारा कुणी दिसला की पाना घेऊन उठतात. बाहेर ४३ अंश असताना इंजिन गरम ठेवायला वेगळा नोकर कशाला? ऐकायला बिनतोड आहे. पण इंजिनाच्या लेखी ४३ म्हणजे हिवाळाच. त्याला नव्वदीच्या आसपास बरं वाटतं. व्हॉल्व्ह काढला की ते तापायला वेळ लावतं आणि पेट्रोल जास्त पितं. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरकडं न जाता आतल्या आतच घिरट्या घालतं, नि गाडी आणखीच तापते.

तरी मिस्त्रीला हसवत नाही. अँबॅसिडर आणि जीपच्या जमान्यात व्हॉल्व्ह अडकला की हेड गॅस्केट उडालंच म्हणून समजा. नवा पार्ट येईस्तोवर लग्नाचं वऱ्हाड थांबणार होतं का? शिवाय रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी, त्याचा क्षार सगळीकडं चिकटलेला. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. अशा गावात गाडीसाठी डिस्टिल्ड वॉटर मागायला तोंड धजत नाही.

मी मात्र एकदा अडून बसलो. काढायचा तर काढा, आधी तपासा. मिस्त्रीनं नाराजीनंच शेजारच्या हॉटेलातून पातेलं मागवलं, पाणी स्टोव्हवर चढवलं आणि व्हॉल्व्ह दोऱ्याला बांधून आत सोडला. पोरं जमली, दोन रिक्षावाले थांबले. पाणी चुळबुळायला लागलं तरी काही नाही. मग तबकडी केसभर हलली, आणि बघता बघता पेरभर फट पडली.

"चालू हाय की हे!" मिस्त्रीचा चेहरा पडला.

दोष निघाला रेडिएटरच्या जाळीत. गेल्या हंगामातलं सोयाबीनचं भुसकट खच्चून भरलेलं. व्हॉल्व्ह, त्याची बारकी पिन वर ठेवून, नव्या रबरासकट जागेवर गेला. तोवर हॉटेलवाला पातेलं न्यायला आला आणि आत डोकावून बघत राहिला.

"ह्यात आता च्या करायचा का?"

"कर की," मिस्त्री म्हणाला. "कूलंट कुठंय त्येच्यात? तुझ्याच बोअरचं पाणी हाय."