लोकेशनभाऊ

सिंदीपुढे कंसात ‘रेल्वे’ लिहायला विसरलात, तर पाहुणा वर्ध्याला खेटलेल्या सिंदी (मेघे)त जाऊन दार वाजवतो. लोकेशनभाऊंचा जन्म बहुधा याच कंसात झाला असावा. लग्नपत्रिका असो की तान्ह्या पोळ्याचा नंदी, ते आधी विचारतात, “लोकेशन टाकलं का?”

पल्स पोलिओचा रविवार म्हणजे त्यांचा दिवाळसण. नेमणूक कुणी केलेली नसते, पण मोबाइल आणि पॉवरबँक घेऊन ते बूथवर सगळ्यांच्या आधी हजर. आशाताईंचा नकाशा वहीच्या पानावर असतो. मारुतीचं देऊळ, हापशी, पिठाची चक्की, चिंच. हापशी देवळाहून मोठी, कारण ताईंना तिथंच माणसं भेटतात.

“ताई, या चिंचेले अक्षांश काय हाय?”

“चिंचेले चिंचा हायेत जी, भाऊ. गाभोळ्या. देऊ का?”

मग भाऊ नायजेरियात शिरतात. 2012च्या सुमारास तिथं उपग्रहाच्या चित्रांवरून कागदावर नसलेल्या वस्त्या सापडल्या, लस पाजणाऱ्यांच्या खिशात जीपीएस दिलं, कोण कुठं गेलं ते ठिपक्यांनी दाखवलं. हे सगळं खरं आहे, म्हणून तर त्यांना गप्प करता येत नाही! आपल्याकडचा वाइल्ड पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011मध्ये हावड्याला सापडला, तोवर आपलं काम बरंचसं अशा वह्यांवर आणि दारावरच्या खडूवर निघालं होतं, हेही खरंच. पण ते ऐकताना भाऊंचं नेटवर्क जातं.

सोमवारी घरोघर फिरताना ताई शिवाराकडे वळल्या. कापूस निघालेल्या वावरात काठेवाडी गुराख्यांचे डेरे उतरले होते.

“इकडं काही नाही,” भाऊ म्हणाले. “नकाशात नाला हाय.”

नाल्यातून अकरा पोरं धावत आली. ताईंनी डबा उतरवला, दोन-दोन थेंब पाजले, डाव्या करंगळ्या रंगवल्या. खूण करायला दार नव्हतं, म्हणून खाटेच्या पायावर खडू ओढला. भाऊ क्षणभर वरमले आणि लगेच खाटेजवळ उभं राहून त्यांनी ठिपका टाकला.

पुढच्या फेरीला ताई विचारपूस करत निघाल्या, डेरे यंदा कुणाच्या वावरात बसलेत म्हणून. भाऊ मात्र थेट जुन्या ठिकाणी गेले. तिथून त्यांचा फोन आला.

“ताई, लवकर या. मी अकरा पोरायच्या मधोमध उभा हावो.”

“अन् पोरं?”

“ते दिसत नाहीत. पण ठिपका पक्का हाय.”