दुकान स्वतःचं समजा

पुण्याच्या कुठल्याही उपनगरातल्या मोठ्या सुपरमार्केटात जा, डाळींच्या रांगेत हा गृहस्थ भेटणारच. वय तिशीचं, छातीवर 'असोसिएट' अशी पट्टी, पाठीवर 'मी आपली काय मदत करू?' मदतीचा मजकूर पाठीवर का, हे त्याला विचारू नका. ते हेड ऑफिसनं ठरवलंय.

रोज सकाळी शटर अर्धं वर असतानाच सगळ्यांना गोलात उभं करून मूल्यं म्हणवून घेतात. सचोटी, पॅशन, टीमवर्क, ओनरशिप. आरतीची मधली कडवी म्हणावीत तशी हा ती म्हणतो : पहिला आणि शेवटचा शब्द खणखणीत, मधे नुसते ओठ. मग नुकतेच एमबीए होऊन आलेले मॅनेजरसाहेब सांगतात, "दुकान स्वतःचं समजा."

समजायला त्याची ना नाही. पण पुण्यात दुकान खरंच स्वतःचं असलं की माणूस ते दुपारी एक ते चार बंद ठेवतो आणि घरी जाऊन झोपतो. इथं झोपेचं सोडाच, बसायचीही चोरी. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायला जागा द्यायचा कायदा केला, हे त्यानं मोबाइलवर वाचलंय. तेव्हापासून इडली-सांबाराबद्दलचा त्याचा आदर वाढलाय. आपल्या दुकानात तो दिवस उगवेपर्यंत त्यानं स्वतःची सोय केलीये. सगळ्यात खालच्या फळीवर त्याचं फार प्रेम. मिठाच्या पिशव्या लावायच्या तर उकिडवं बसावंच लागतं! त्या फळीइतकी नीटनेटकी फळी अख्ख्या दुकानात नाही. साहेब याला पॅशन म्हणतात.

पगार कंत्राटी एजन्सी देते. पीएफचे बारा टक्के आणि ईएसआयचा पाऊण टक्का कापून जे हातात पडतं, ते खोलीचं भाडं आणि मोटरसायकलचा हप्ता आपसात वाटून घेतात. ईएसआयची मर्यादा २१ हजारांची. आपण चुकून ती ओलांडू, अशी भीती त्याला कधी वाटलेली नाही.

"पाच वर्षांनी स्वतःला कुठं पाहतोस?" साहेबांनी एकदा विचारलं.

"दुसऱ्या एजन्सीत, साहेब."

उत्तर उद्धट नव्हतं. ठरावीक मुदतीचा करार नसेल तर ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात, आणि पाचवं लागायच्या आत इथं एजन्सी बदलते. माणूस तोच, फळी तीच, नोकरी मात्र कोरी करकरीत.

रात्री घरी जाताना मागच्या दारापाशी गार्ड त्याचा डबा उघडून बघतो. दाराच्या वर पोस्टर : 'विश्वास हाच आमचा पाया.' हा स्वतःच झाकण काढून देतो, वर विचारतो, "पाया दिसला का?" गार्डही एजन्सीचाच. हसतो आणि उरलेली चटणी चाखतो.

यावरून हा कामचुकार असेल असं वाटेल. तसं मुळीच नाही. आजीबाईंनी पुढचं दह्याचं पाकीट उचललं की तो हळूच म्हणतो, "आजी, मागचं घ्या, ताजं आहे." ताजा माल मागं ठेवायचा, हा कंपनीचा नियम; तो त्यानंच सकाळी पाळलेला असतो. नियम पाळायचा पगार मिळतो, आजींना सांगणं फुकट. सचोटी त्याच्याकडे पहिल्यापासून आहे, फक्त ती टी-शर्टासोबत मिळालेली नाही.

परवा वर्षाखेरीची मालमोजणी झाली. हिशेबात तूट निघाली. रात्री अकराला साहेब लॅपटॉप घेऊन बिलिंग काउंटरपाशी उभेच होते. वरून फोनवर फोन. दुकान स्वतःचं समजणारा त्या इमारतीत खराखुरा तो एकच माणूस, आणि बसायला त्यालाही खुर्ची नव्हती.

हा मागच्या दाराशी पोचला होता. डबा गार्डच्या हातात देऊन परत फिरला.

"साहेब, खालच्या फळीवर मीठ लावायचं राहिलंय," तो म्हणाला. "या, दोघं मिळून लावू."