मागच्या चाकाचे पुढारपण

स्पोर्ट्स मोटारसायकलचा टायर बदलणे हे वस्तुतः अर्ध्या तासाचे काम आहे. परंतु पुणे शहरात त्यापूर्वी जो विचारविनिमय होतो, तेवढ्या काळात जुना टायर आणखी एक पावसाळा सहज काढतो. टायर किती झिजला हे कळावे म्हणून नक्षीच्या खाचांत तळाशी रबराचे लहान उंचवटे ठेवलेले असतात आणि नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलावा, असा संकेत आहे. पुणेकर हा संकेत पाहतो, तत्त्वतः मान्य करतो आणि मग चर्चेला आरंभ करतो, जी टायरचा पार गोटा होईपर्यंत चालते. या चर्चेचे वैशिष्ट्य असे की, जे आधीच ठरलेले असते त्यावर ती सर्वाधिक रंगते आणि जे खरोखर ठरवायचे असते ते ‘द्या कुठलाही चांगला’ म्हणून दुकानदारावर सोपवले जाते.

आधीच ठरलेली गोष्ट म्हणजे माप. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम 390 ड्यूकच्या मागच्या टायरचे माप 150/60 आर 17 असे लिहितात. यातील 150 ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. 60 ही बाजूच्या भिंतीची उंची, मात्र ती रुंदीच्या टक्केवारीत सांगितलेली, म्हणजे प्रत्यक्षात 90 मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, ज्याच्या आतील धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे गेलेले असतात. आणि 17 हा रिमचा व्यास, तोही इंचांत. मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच ओळीत इतक्या गुण्यागोविंदाने नांदताना पाहिले की, लक्ष्मी रस्त्यावरच्या वाहतुकीविषयीही क्षणभर आशा वाटू लागते.

हे माप निर्मात्याने गाडीचे वजन, रिमची रुंदी आणि वळणाची भूमिती यांचा हिशेब करून ठरवलेले असते, आणि नेमके तेच पुणेकराला खटकते, कारण त्या हिशेबात त्याला कोणी विचारलेले नसते. त्यातच जानेवारी 2012 मध्ये 200 ड्यूक बाजारात आली आणि तिच्या मागच्या 150च्या टायरने पल्सर 220च्या 120/80च्या टायरला एका रात्रीत किरकोळ ठरवले. तेव्हापासून टायर रुंद करण्याची जी इच्छा बळावली, तिचा हेतू तपासण्याजोगा आहे. मागचा टायर चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. तो दिसतो नळ स्टॉपच्या सिग्नलला मागे थांबलेल्याला, आणि त्याचे सारे लक्ष सिग्नल सुटायला उरलेल्या सेकंदांवर असते.

या इच्छेला शास्त्राची मात्र साथ नाही. 390 ड्यूकच्या मागच्या रिमची रुंदी चार इंच असून, तिच्यावर 160चा टायर चढवला की त्याच्या कडा आवळल्या जातात, मधला भाग टोकदार होतो आणि सरळ जाताना रस्त्याला टेकणारे रबर वाढण्याऐवजी कमी होण्याचा संभव असतो. म्हणजे जादा पैसे मोजून पकड घटवण्याचा हा सोपा मार्ग आहे. रुंदी तीच ठेवून 150/70 घेतला तर भिंत 105 मिलिमीटरची होते, चाकाचा व्यास 30 मिलिमीटरने वाढतो, गाडीची मागची बाजू 15 मिलिमीटर उचलली जाते, आणि टायर चेनच्या कव्हराला किंवा चाक धरणाऱ्या भुजेला घासू लागला तर तेही सोसावे लागते. शिवाय एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, दोन्ही चाकांच्या फिरण्याची तुलना करत असल्याने एकाच चाकाचा घेर बदलणे तिला मानवत नाही. ही यंत्रणा 125 सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून सक्तीची झाली. त्याच वर्षी 1 जानेवारीपासून पुण्यात हेल्मेटसक्तीची कारवाई सुरू झाली, तेव्हा विरोधासाठी कृती समिती सज्ज होती. एबीएससाठी कोणी समिती नेमली नाही, कारण ते डोक्यावर घालावे लागत नाही.

मापानंतर अभ्यासाचा विषय म्हणजे वेगाचे अक्षर. टायरवर 66 एच असे लिहिलेले असेल, तर 66 या भारांकाचा अर्थ 300 किलो आणि एचचा अर्थ ताशी 210 किलोमीटर. व्ही म्हणजे 240 आणि डब्ल्यू म्हणजे 270. पुणेकर व्हीचा आग्रह धरतो. ज्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर या अक्षराचे थोडेफार चीज झाले असते, तेथे दुचाकींना प्रवेशच नाही. त्यामुळे ताशी 240 किलोमीटरची क्षमता कर्वे रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये, एक पाय जमिनीवर टेकवत सिद्ध करावी लागते.

खरी निवड असते ती रबराच्या जातीची. मऊ रबर पकड देते पण लवकर झिजते, कडक रबर टिकते पण ओल्या रस्त्यावर धीर देत नाही. म्हणून काही टायरांत मध्ये कडक आणि कडेला मऊ असे दोन प्रकारचे रबर असते. शहरात गाडी सरळच जात असल्याने टायर मध्ये झिजून सपाट होतो आणि कडांवरचे रबर, जे गाडी वळणावर कललीच नाही याचा पुरावा असते, कोरे राहते. हा पुरावा नष्ट करण्यासाठीच अनेकांची रविवारची पहाट ताम्हिणी घाटात उजाडते. त्यांनी दोन जातींचा टायर घ्यावा, इतरांनी टिकाऊ.

नाना पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक टायर हातात घेते ते भिंतीवरचे चार आकडे वाचण्यासाठी. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा, आणि दुधाच्या पिशवीवरची तारीख पाहावी तशा संशयाने तो पाहिला जातो. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण पाहायचे मात्र कारागिरावर सोडले जाते. तो कडांना साबणाचे पाणी लावतो, लिव्हरने टायर रिमवर चढवतो आणि हवा भरतो, तेव्हा कडा फटकन आवाज करून जागेवर बसतात. माप अर्थातच कंपनीचेच असते. फक्त ते आता गिऱ्हाइकाने स्वतः संशोधन करून काढलेले असते आणि संध्याकाळपर्यंत चार मित्रांना समजावूनही झालेले असते.

पैसे घेताना दुकानदार एकच सूचना देतो: साच्यातून आलेल्या नव्या रबराचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, म्हणून पहिले 100 ते 150 किलोमीटर गाडी सावकाश चालवावी, एकदम वेग घेऊ नये. कोणाचीही सूचना मुकाट्याने न ऐकणाऱ्या पुण्यात ही सूचना मात्र प्रत्येक जण अक्षरशः पाळतो. नाना पेठेतून बाहेर पडल्यावर दुसरे काही करण्याची सोयच वाहतुकीने ठेवलेली नाही.