वहिनींचं ऑडिट

आमच्या वहिनी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात इनचार्ज सिस्टर आहेत. महिला वॉर्ड त्यांच्याकडे आहेच, शिवाय दुसरं कुणी घेईना म्हणून ‘क्वालिटी’ही आहे. क्वालिटी म्हणजे काय, हे त्यांना विचारू नये. विचारलं की पर्समधून चेकलिस्ट निघते.

अशी एक सिस्टर आता बहुतेक रुग्णालयांत असते. पूर्वी तपासणी आली की भिंतींना चुना फासला आणि चादरी बदलल्या की भागायचं. मग २०१३ साली एनक्वास, म्हणजे दर्जाचे राष्ट्रीय निकष आले, २०१५ला स्वच्छतेसाठी कायाकल्प, पुढे बाळंतपणाच्या खोलीसाठी लक्ष्य, आणि एकेका गोष्टीला शून्य, एक किंवा दोन असे गुण पडू लागले. तेव्हापासून वहिनी अख्ख्या जगाला याच हिशेबाने मोजतात. एका लग्नात जेवण फक्कड होतं, पण कार्यालयातल्या आग विझवायच्या सिलिंडरची मुदत संपलेली. पानात मीठ पडायच्या आत निकाल लागला, “एक गुण. आहे, पण असून नसल्यासारखं.”

“सगळं व्यवस्थित आहे सिस्टर,” असं कुणी म्हटलं की त्यांचा प्रश्न ठरलेला: “लिहिलंय का?” आणि लिहिलेलं दाखवलं की संशय आणखी वाढतो. लसींच्या फ्रीजचं तापमान २ ते ८ अंशांत हवं. वहीत सकाळ-संध्याकाळ ४, ४, ४. छापील वहीत रकाने एकतीस, त्यामुळे ३० फेब्रुवारीलाही फ्रीज चार अंशांवरच होता. वहिनी ओरडल्या नाहीत. “ब्रदर, या दिवशी ड्युटीला कोण होतं हो?” एवढंच.

हात धुण्याच्या बाबतीत तर त्या गुप्तहेर आहेत. त्या समोर दिसल्या की मोठे डॉक्टरही बोटांच्या बेचक्यांपर्यंत साबण पोचवतात, म्हणून त्या औषधांच्या कपाटाआड फोनवर बोलण्याचं नाटक करत उभ्या राहतात. कुणी चिडलं की झेमेलवाइस नावाच्या डॉक्टरची गोष्ट काढतात. “१८४७ साली व्हिएन्नात तो डॉक्टरांना हेच सांगत होता. त्याला शेवटी वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. मला निदान कमिटीतच टाकलंय.”

अधिकार म्हणावा तर काही नाही. ना केबिन, ना सही. तरी ऑपरेशनच्या आधी चेकलिस्ट वाचल्याशिवाय त्या हलत नाहीत. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने काढलेली ती एकोणीस मुद्द्यांची यादी: पेशंट तोच ना, बाजू तीच ना, शेवटी कापसाचे बोळे मोजले ना. एकदा सर्जन वैतागले, “अहो सिस्टर, पंचवीस वर्षं अपेंडिक्स काढतोय मी!” वहिनी म्हणाल्या, “हो सर, पण पेशंट आज पहिल्यांदाच देतोय.” सर हसले, आणि आपलं नाव सांगून यादी पुरी होईपर्यंत थांबले.

मला त्यांचं सगळ्यांत पटलेलं ऑडिट मात्र वेगळंच. महिन्याच्या बैठकीत सगळे वॉर्ड सांगत होते, पेशंट पडणे निरंक, औषध चुकणे निरंक. एका नव्या सिस्टरने तेवढं लिहून आणलं होतं: दोन पेशंट बाथरूमपाशी घसरले, एका सलाईनची बाटली चुकीची लागता लागता राहिली. अधीक्षकांचा चेहरा उतरला. वहिनींनी त्याच वॉर्डाचं कौतुक केलं. “निरंकवाल्यांकडे पेशंट पडत नाहीत की तुम्हाला दिसत नाहीत?” बाथरूमला आठवड्यात दांडी लागली. पेंटिंगला पैसे मिळतात, दांडीला का मागावे लागतात, हा माझा प्रश्न. वहिनींना असल्या प्रश्नांना वेळ नाही.

तपासणीचे मार्ग चार: पाहणी, कर्मचाऱ्यांशी बोलणं, नोंदी आणि पेशंटशी बोलणं. वहिनींची भिस्त चौथ्यावर. भिंतीवरच्या फलकावरचे पेशंटचे हक्क त्या वाचत नाहीत. कोपऱ्यातल्या आजीपाशी बसतात आणि विचारतात, “काल रात्री हाक मारलीत तेव्हा कोण आलं?”

घरी मात्र हाल दादाचे. मीठ आणि पिठीसाखर ‘दिसायला सारखी’ म्हणून वेगवेगळ्या फळ्यांवर, डब्यांवर लाल पट्ट्या. रोज रात्री बीपीची गोळी हातावर ठेवण्याआधी चौकशी: “पूर्ण नाव? जन्मतारीख?” तीस वर्षांचा संसार, तरी दादा मुकाट्याने सांगतो. एकदा चिडून शेजाऱ्याचं नाव सांगितलं, तर गोळी परत डबीत गेली.

तेव्हा तुम्ही कधी ॲडमिट झालात आणि एखाद्या सिस्टरने इंजेक्शन हातात घेऊन तिसऱ्यांदा नाव विचारलं, तर “मघाशीच सांगितलं की” म्हणू नका. पूर्ण नाव सांगा, जन्मतारीखही सांगा. खाटेचा नंबर सांगू नका, खाटा बदलतात.