बोगद्याची कुंडली

बोरघाटातली रेल्वे १८६३ सालची. अशा वयोवृद्ध मार्गांवरच्या बोगद्यांच्या डागडुजीला आता ‘ज्ञान-व्यवस्थापन’ हवे म्हणे. म्हणजे पावसाळ्यात पाणी नेमके कुठून झिरपते हे ज्या मुकादमाला तोंडपाठ, त्याला शाल-नारळ देऊन घरी पाठवायचे आणि तीच माहिती काढायला सल्लागार नेमायचा. सल्लागार लेसर फिरवतो, भिंतीवरचा ओला डाग नकाशात लाल दाखवतो. डागामागची निचऱ्याची नळी कधीकाळी कुणी सिमेंटने बुजवली, हे लेसरला दिसत नाही. ते जुन्या नोंदवहीत आहे आणि वहीला वाळवी लागली आहे. अहवाल मात्र देखणा होतो, सर्व्हरवर चढतो. पासवर्डवाल्या साहेबांची तोवर बदली झालेली असते. सॉफ्टवेअर जरूर घ्या हो, पण आधी त्या मुकादमाला एक फोन करा.