उत्तर टाळणाऱ्या मंत्रीमहोदयांस, देवळीहून

मंत्रीमहोदय,

पत्राच्या सुरुवातीला 'आदरणीय' लिहायची रीत आहे. ती मी जाणूनबुजून मोडतो आहे. लोकप्रतिनिधीने लेखी विचारलेल्या प्रश्नाला जो लेखी उत्तर देतो, त्याला आदर द्यायला आम्ही वर्धा जिल्ह्यातले देवळीकर केव्हाही तयार आहोत. तुम्ही उत्तराच्या जागी तीन ओळी छापून मोकळे होता.

तुमचं नाव लिहीत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. तुम्ही मुंबईत असता, डिसेंबरात नागपूरला येता, दिल्लीतही बसता. पक्ष बदलतो, खातं बदलतं, सही बदलते. छापील ओळी मात्र त्याच राहतात.

आमच्याकडच्या मंडळींना तुमचा कारभार कागदावर कसा दिसतो ते आधी सांगतो. आमदार प्रश्न देतो त्याचा साचा ठरलेला असतो. अमुक ठिकाणी अमुक घडलं, हे खरे आहे काय? असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय? चौकशीत काय आढळून आले? त्यानुसार कोणती कारवाई केली? आणि शेवटी, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? त्याखाली तुमच्या नावाने उत्तर असतं. (१) हे अंशतः खरे आहे. (२) माहिती घेण्यात येत आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.

अंशतः म्हणजे नेमका कोणता अंश खरा? माहिती कोण घेतंय, कुणाकडून, कधीपासून? आणि विलंबाचं कारण विचारलं असताना, विलंब डोळ्यांसमोर असताना, प्रश्न का उद्भवत नाही?

माहिती नसते असं मला कुणी सांगू नये. अधिवेशन जवळ आलं की तहसील कार्यालयात काय चालतं ते तालुक्याच्या गावात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. 'एलएक्यू आलाय', म्हणजे विधानसभेचा प्रश्न आलाय, एवढं म्हटलं की बाकीची कामं बाजूला पडतात. मंत्रालयातल्या कार्यासनाकडून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र येतं, तिथून तहसीलदारांना, तिथून तलाठ्याला. तलाठी गावातच असतो. कुणाच्या शेतात काय झालं, कोण गेलं, कुणाच्या सातबाऱ्यावर किती बोजा आहे, हे त्याला माहीत असतं. रात्री उशिरापर्यंत बसून तो अहवाल लिहितो, आणि तो अहवाल आला त्याच वाटेने वर जातो. प्रत्येक टेबलावर त्यातलं एखादं वाक्य गळतं. अडचणीचा आकडा 'सुमारे' होतो, अधिकाऱ्याचं नाव 'संबंधित' होतं, तारीख 'यथावकाश' होते. कक्ष अधिकारी मसुदा करतो, उपसचिव तो आणखी गुळगुळीत करतो आणि तुम्ही सही करता. गावाने खरं सांगितलेलं असतं. ते पुसलं जातं तुमच्या दालनाकडे जाणाऱ्या जिन्यावर, आणि सही तुमची असते म्हणून जबाबदारीही तुमचीच.

लेखी प्रश्नाला तुम्ही हलक्यात घेता, कारण त्यावर उपप्रश्न येत नाही. तारांकित प्रश्न सभागृहात पुकारला गेला तर उभं राहावं लागतं, चारजण उलट प्रश्न विचारतात, टिपणी चाळताना घाम फुटतो. अतारांकित प्रश्नाचं उत्तर यादीत छापलं की संपलं. ब्रिटिशांनी १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारायची मुभा दिली, पण उत्तरावर उपप्रश्न विचारायला बंदी ठेवली. उपप्रश्नाचा हक्क १९०९ मध्ये मिळाला, तोही ज्याने मूळ प्रश्न विचारला त्याच्यापुरता. त्या सरकारला हिंदी माणसाच्या उलटतपासणीची भीती वाटत होती. तुम्हाला तर आम्ही निवडून दिलंय, मग तुम्हाला कसली भीती वाटते?

लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. म्हणजे देशाची बहुतेक विचारपूस कागदावरच होते. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात तर तोंडी प्रश्नोत्तरांचा तासच रद्द झाला आणि लेखी प्रश्न तेवढे उरले. त्या अधिवेशनात टाळेबंदीत मरण पावलेल्या स्थलांतरित मजुरांविषयी विचारणा झाली. श्रम मंत्रालयाने १४ सप्टेंबरला लेखी कळवलं की अशी आकडेवारी ठेवली जात नाही. नुकसानभरपाईचं काय, असंही विचारलं होतं. त्यावर उत्तर आलं की वरील स्थिती पाहता प्रश्न उद्भवत नाही. त्याच वर्षी ८ मे रोजी आपल्या महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या करमाडजवळ, जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर रुळांवरच मालगाडीखाली गेले होते. ते सोळा जण साऱ्या देशाने मोजले होते. मंत्रालयाला मोजता आले नाहीत.

पुढच्या वर्षी २० जुलैला राज्यसभेत विचारलं गेलं की ऑक्सिजनअभावी किती रुग्ण दगावले. आरोग्य खात्याच्या राज्यमंत्री तेव्हा आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. राज्यांनी ऑक्सिजनच्या तुटवड्याने झालेले मृत्यू म्हणून वेगळी नोंद कळवलेली नाही, असं लेखी उत्तर आलं. तीन महिन्यांपूर्वी, २१ एप्रिलला, नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी गळून पुरवठा बंद पडला होता आणि किमान २२ रुग्ण तडफडून गेले होते. ती गळती होती, तुटवडा नव्हता, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. ज्याचा श्वास थांबला त्याच्या घरच्यांसमोर उभं राहून म्हणा. आणि हे फक्त दिल्लीचं पाप नव्हतं. राज्यात तेव्हा दुसऱ्या आघाडीचं सरकार होतं, त्याच्या आरोग्यमंत्र्यांनीही महाराष्ट्रात असा मृत्यू झाला नसल्याचंच सांगितलं. त्याच वर्षाच्या अखेरीस शेतकरी आंदोलनात मरण पावलेल्यांविषयी कृषी मंत्रालयाला विचारलं गेलं. नोंद नाही, म्हणून मदतीचा प्रश्न उद्भवत नाही, असं लेखी उत्तर पुन्हा आलं.

युक्ती सोपी आहे. आधी मोजायचं नाही. मग मोजलं नाही म्हणून सांगायचं. मग मोजलेलंच नाही तर द्यायचं कुणाला, असं विचारणाऱ्यालाच विचारायचं. याला मी निर्दयपणा म्हणतो.

तुमच्यातल्याच एकाने एकदा आकडा दिला होता, त्याचीही आठवण देतो. जून २०१९ मध्ये विधानसभेत एका प्रश्नाच्या लेखी उत्तरात राज्य सरकारने सांगितलं की २०१५ ते २०१८ या चार वर्षांत महाराष्ट्रात १२,०२१ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांतली ६,८८८ प्रकरणं मदतीला पात्र ठरली. हा आकडा आम्हाला मिळाला तो कुणी आमदाराने लिहून विचारलं म्हणून. वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्याला त्याची वजाबाकी शिकवावी लागत नाही. ५,१३३ घरं पात्र यादीत नव्हती. कुणाच्या नावावर सातबारा नव्हता, कुणी कर्ज बँकेऐवजी बिनपरवाना सावकाराकडून काढलं होतं, कुणाच्या कागदात वसुलीचा तगादा सिद्ध झाला नव्हता. याच जिल्ह्यातल्या डोरली गावाने २००५ मध्ये स्वतःला विकायला काढलं होतं. याच जिल्ह्यातल्या वायफडला १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन गेले, आणि विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात वर्धा होता. त्यानंतर बारा-तेरा वर्षांनीही आकडा पाच अंकी होता. त्या ५,१३३ घरांचं पुढे काय झालं, हे तुम्ही प्रत्येक अधिवेशनात आपणहून सभागृहासमोर ठेवायला हवं होतं.

गोलमोल उत्तर किती जड पडतं ते तुमच्या खुर्चीला चांगलं ठाऊक आहे. सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत राम सुभग सिंग यांनी आयुर्विमा महामंडळाच्या पैशाविषयी साधा प्रश्न विचारला: उद्योगपती मुंधडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतले का? उत्तर गोलमोल आलं. डिसेंबरात खासदार फिरोज गांधींनी तोच धागा पकडला आणि सोडला नाही. न्यायमूर्ती छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत जाहीर सुनावणी घेतली आणि लोक गर्दी करून ऐकायला गेले. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला. सुरुवात त्या एका गोलमोल उत्तरातून झाली होती. बोललेलं 'तसं म्हणालो नव्हतो' म्हणून फिरवता येतं. छापलेलं फिरवता येत नाही, खोटं निघालं तर हक्कभंग उभा राहतो. म्हणून तर तुमचा मसुदा इतका गुळगुळीत असतो.

आम्हाला वैदर्भीयांना यात आणखी एक डागणी आहे. नागपूर करारामुळे वर्षातलं एक अधिवेशन नागपूरला होतं. देवळीहून नागपूर दोन-अडीच तासांवर. आमच्या माणसाला आपलं सरकार डोळ्यांनी पाहायची ती एकच संधी. २०२० आणि २०२१ मध्ये तेही मुंबईतच उरकलं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला सहा दिवसांचं अधिवेशन झालं. १५ तारखेला मंत्र्यांनी शपथ घेतली आणि खातेवाटप झालं २१ तारखेला, अधिवेशन संपलं त्या दिवशी. कापसाचं कुणाला विचारायचं, सोयाबीनच्या खरेदी केंद्राचं कुणाला? खुर्चीवर माणूस होता, पण कुणाच्याही नावाने खातं नव्हतं. त्याआधी झालेल्या विधानसभा निवडणुकीनंतर सभागृहात विरोधी पक्षनेताही नेमला गेला नाही. आमच्या तेव्हाच्या पुलगाव मतदारसंघाच्या प्रभा राव १९७९ मध्ये काही महिने विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. त्या खुर्चीचं वजन या तालुक्याने जवळून पाहिलं आहे, म्हणून ती रिकामी दिसली की आम्हाला टोचतं. विरोधी बाके विरळ असताना लेखी प्रश्न हेच आमच्या हातातलं हत्यार आहे, आणि तुम्ही त्याचीच धार बोथट करता.

आमच्या प्रतिनिधींनाही मी सोडत नाही. एकाच प्रश्नाखाली पंधरा-वीस नावं असतात आणि उत्तर आल्यावर त्यातला एकही पाठपुरावा करत नाही. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल ११ खासदारांना संसदेतून काढून टाकलं, त्यात दोन आपल्या जळगाव जिल्ह्यातले होते. ज्याने प्रश्न विकला त्याची खासदारकी गेली, ते योग्यच झालं. उत्तर बुडवणाऱ्याचं काय जातं?

आता आमच्या तालुक्याचं. पुलगावचं केंद्रीय दारूगोळा भांडार आमच्या उशाला आहे. ३०-३१ मे २०१६ च्या रात्री तिथे आग लागली आणि अधिकारी, जवान, अग्निशमन दलाचे लोक गेले. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी सोनेगाव (आबाजी) शिवारात जुनी स्फोटकं निकामी करण्याच्या जागेवर स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यातले बहुतेक आसपासच्या गावांतले रोजंदार मजूर होते, पेट्या उतरवायला गेलेले. मुंबईत विचारलं तर संरक्षण हा केंद्राचा विषय आहे असं म्हणायची वाट तुम्हाला मोकळी आहे. दिल्लीत विचारलं तर ते कंत्राटदाराचे मजूर होते, असं म्हणायचीही. या दोन वाटांच्या मध्ये सहा घरं उभी आहेत.

म्हणून तुमच्याच साच्यात लिहून देतो. (१) या मजुरांना स्फोटकं हाताळण्याचं कोणतंही प्रशिक्षण न देता कामाला लावलं, हे खरे आहे काय? (२) असल्यास, परवानगी कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेच्या आदेशाने दिली? (३) त्यांचा विमा होता काय, आणि प्रत्येक कुटुंबाला किती रक्कम कोणत्या तारखेला मिळाली? (४) त्यानंतर त्या जागेवर मजूर लावण्याचे नियम बदलले काय? (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पाचव्याचं उत्तर 'प्रश्न उद्भवत नाही' असं देऊ नका. नाव, तारीख आणि रक्कम लिहा.

आणि देवळी, पुलगाव, सोनेगाव, नाचणगावच्या मतदारांनो, तुम्हाला विनंती आहे. प्रश्नोत्तरांच्या याद्या विधिमंडळाच्या आणि संसदेच्या संकेतस्थळांवर असतात. त्यात आपल्या तालुक्याचं नाव शोधा. आमदार किंवा खासदार पुढच्या वेळी गावात आले की सत्कार नंतर करा, आधी विचारा: आमच्यासाठी कोणत्या क्रमांकाचा प्रश्न दिला, काय उत्तर आलं, आणि त्यावर तुम्ही पुढे काय केलं? उत्तराची छापील प्रत मागा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा.

देवळीचा एक मतदार